हजार नावांची एक पऱ्हाटी

मृग नक्षत्र जवळ आले की अकोला, अकोट, दर्यापूर, अंजनगाव येथील बियाण्यांच्या दुकानांत कपाशीच्या पाकिटांची रास लागते. प्रत्येक पाकिटाचे नाव वेगळे, चित्र वेगळे, कंपनी वेगळी. भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा बीटी संकरित वाण अवघे तीन होते. पुढील दहा-अकरा वर्षांत मान्यता मिळालेल्या बीटी संकरितांची संख्या हजारावर गेली. या आकड्याकडे बोट दाखवून एक पक्ष विचारतो, शेतकऱ्याला एवढी निवड पूर्वी कधी होती काय? मग विविधता घटली असे कसे म्हणता? दुसरा पक्ष म्हणतो की बीटीच्या परागकणांनी आमची देशी कपाशी नासवली. ही दोन्ही विधाने वऱ्हाडातील शाळांच्या वर्गांतही ऐकू येतात. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. मात्र त्यांतील चुका उकलून पाहिल्या तर जनुकशास्त्राचा एक चांगला धडा हाती लागतो.

आधी हजार नावांचे पाहू. जनुकीय विविधता म्हणजे नावांची संख्या नव्हे. एखाद्या पिकाच्या सर्व झाडांत मिळून एकेका जनुकाची किती निरनिराळी रूपे आहेत आणि ती किती प्रमाणात विखुरली आहेत, यावर ती ठरते. एकाच घरातील भावंडांना कितीही नावे ठेवली तरी आजा-आजी तेच राहतात. कपाशीच्या या हजार भावंडांचे आजा-आजी शोधू गेल्यास काय दिसते?

परका जनुक वनस्पतीत घालण्याची क्रिया एका पेशीत घडते. त्या पेशीच्या गुणसूत्रावर तो कोठे जाऊन बसेल, हे पहिल्या काळात बव्हंशी योगायोगावरच सोडलेले असे. अशा हजारो प्रयत्नांतून एक पेशी निवडतात, तिचे रोप वाढवतात आणि त्या रोपाची सर्व प्रजा तो जनुक त्याच जागी घेऊन जन्मते. भारतात सरकारने अशा अर्ध्या डझनाच्या आसपास जनुकप्रवेशांना मान्यता दिली. परंतु शेतात दिसतात ते मुख्यतः दोन. एक मॉन-५३१, म्हणजे क्राय-१-एसी हा एकच जनुक. आणि दुसरा २००६ साली आलेला मॉन-१५९८५, ज्यात त्याच्या जोडीला क्राय-२-एबी आहे. मॉन-५३१चा जनुक बसवला गेला तो कोकर-३१२ या अमेरिकन वाणाच्या पेशीत. तो वाण निवडण्याचे कारण त्याचे पीक मोठे उत्तम होते असे नाही. त्याच्या पेशींपासून परीक्षानळीत पूर्ण रोप तयार करणे सोपे जाते, एवढेच.

मग कोकरमधून हा जनुक भारतीय वाणांत कसा आला? पश्चसंकराने. कोकरच्या बीटी झाडाचा आपल्या वाणाशी संकर करायचा, त्यातील बीटी रोपे निवडून त्यांचा पुन्हा आपल्या वाणाशी संकर करायचा, असे सहा-सात वेळा. प्रत्येक वेळी कोकरचा वाटा निम्मा होतो. पहिल्या संकरात १/२, सहा पश्चसंकरांनंतर १/१२८, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. गणिताच्या तासालाही चालेल असे हे उदाहरण आहे. हिशोबात न बसणारी गोष्ट अशी की बीटी जनुकाच्या अगदी शेजारचा गुणसूत्राचा तुकडा सहजासहजी सुटत नाही, तो जनुकाबरोबर ओढला जातो. म्हणजे वऱ्हाडातील बहुतेक पाकिटांत एकाच अमेरिकन रोपाच्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा समान आहे. एवढ्याने आकाश कोसळत नाही. खरी गोष्ट पुढची आहे. ही सारी संकरिते जवळजवळ एकाच जातीची, अमेरिकन कपाशीची, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटमची आहेत. त्यांचे आईबाप कोणते हे पाकिटावर छापलेले नसते. ते कंपनीचे गुपित असते. दहा नावांमागे आईबापांच्या किती जोड्या आहेत हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. निवड तेथे नावांची होते, बियाण्याची नव्हे.

आता परागकणांच्या आरोपाकडे वळू. आपली देशी कपाशी, जिला शास्त्रात गॉसिपियम आर्बोरियम म्हणतात, तिच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. अमेरिकन कपाशीत ५२. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी देशी कपाशीच्या एका नातलगाचा आणि अमेरिकेतील एका रानकपाशीच्या नातलगाचा संकर होऊन गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि अमेरिकन कपाशीचा वंश सुरू झाला. त्यामुळे मधमाशीने अमेरिकन फुलाचे पराग देशी फुलावर नेऊन टाकले तरी सहसा काही निपजत नाही. १३ आणि २६ गुणसूत्रांच्या जोडणीतून ३९ गुणसूत्रांचा गर्भ बनतो आणि तो बहुधा बोंडातच मरतो. चुकून रोप झालेच तर ते वांझ निघते. परभणीच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अमेरिकन कपाशीच्या लांब धाग्याचा गुण देशी कपाशीत आणला खरा, पण त्यासाठी पिढ्यानपिढ्या खटपट करावी लागली. शेताच्या बांधावर वाऱ्याने आणि माशीने हे आपोआप होत नाही. तेव्हा बीटीच्या परागांनी देशी कपाशी नासली असे म्हणणे जीवशास्त्राला धरून नाही. (बीटी नसलेल्या अमेरिकन वाणांबाबत मात्र हा धोका खरा आहे, कारण तेथे जात एकच आहे.)

मग देशी कपाशी गेली कोठे? १९४७ साली देशातील कपाशीखालच्या सुमारे ९७ टक्के क्षेत्रावर देशी जाती होत्या. आज त्यांचा वाटा उलटा, तीन टक्क्यांच्या आसपास उरला आहे. ती फुलात हरली नाही; बाजारात हरली.

आणि हे वऱ्हाडात प्रथमच घडत नव्हते. अमरावतीच्या नावावरून मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमराज’ नावाने ओळखला जाणारा कापूस एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध होता. वऱ्हाडात त्या काळी मुख्यतः दोन प्रकारची देशी कपाशी पेरली जाई: बणी आणि जडी. बणीचा धागा बारीक आणि त्यातल्या त्यात लांब, पण उत्पन्न कमी आणि रुईचा उतारा कमी. जडीचा धागा जाडाभरडा, पण रुई जास्त. अमेरिकेतील १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, वऱ्हाडी कापसाचे भाव चढले, पाठोपाठ रेल्वे आली, आणि गाठींत बणी व जडी सर्रास एकत्र होऊ लागली. मिश्र गाठीला जवळजवळ तोच भाव मिळत असेल तर बणी कोण पेरील? सरकारी कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारखे अधिकारी बणीचा आग्रह धरीत राहिले आणि शेतकरी जडी पेरीत राहिला. पुढे पांढऱ्या फुलांची, भरपूर रुई देणारी रोझियम आली. बणी मागे पडली. त्या वेळी प्रयोगशाळाही नव्हती आणि जनुकतंत्रही नव्हते. होता तो वजनकाटा.

ही हकीकत अशासाठी सांगितली की विविधतेच्या ऱ्हासाचे खापर सरळ तंत्रज्ञानावर फोडणे सोपे असले तरी पुरेसे नाही. उलट अकोल्याच्या सरकारी प्रक्षेत्रावर आणि १९६९ नंतर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पैदासकारांनी देशी कपाशी टिकवण्यासाठी बरेच काम केले. मर रोगाला तोंड देणारी व्हेरम-४३४ आणि पुढे एकेए-५, एकेए-७, एकेए-८ हे सारे देशी आणि सरळ वाण, म्हणजे ज्यांची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते असे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे जमिनीखालचे पाणी खारे म्हणून ओलिताला निरुपयोगी, तेथे खोल मुळांची ही कपाशी कमी पावसात तग धरते. रस शोषणाऱ्या किडींना ती फारशी जुमानत नाही. उत्तर भारतात अमेरिकन कपाशीचा फडशा पाडणारा पर्णगुच्छ विषाणू तिला होतच नाही. तरी ती मागे पडली, कारण आखूड धाग्याला गिरणीत भाव नाही, बोंड लहान, आणि फुटलेल्या बोंडातून कापूस लवकर गळतो म्हणून वेचणी वारंवार करावी लागते. या तक्रारी खऱ्या आहेत. देशी वाणांच्या गौरवात त्या लपवणाऱ्या लेखांचा मला कंटाळा येतो.

आता मुख्य मुद्दा. तंत्र आणि तंत्राचे वाहन यांत फरक करायला हवा. बीटी हा एक जनुक आहे. तो सरळ वाणातही घालता येतो आणि संकरितातही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील येथे बीटी कपाशी सरळ वाणांच्या रूपाने पेरली जाते. जवळजवळ सारे क्षेत्र संकरित कपाशीखाली असलेला मोठा देश म्हणजे भारत. याची मुळे १९७० मध्ये आहेत. त्या वर्षी सुरत येथे सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कपाशीचा वाण दिला. एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, हे काम स्वस्त मजुरीच्या देशातच परवडणारे होते. अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ आणि नांदेडचा एनएचएच-४४ हे सार्वजनिक संशोधनातील संकरित वाण त्याच परंपरेतील. मोठ्या बोंडांची ही झाडे दूर दूर लावायची, खत-पाणी द्यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बियाणे घ्यायचे. कारण संकरिताची सरकी पेरली तर दुसऱ्या पिढीत गुण फाटतात आणि शेत उंच-बुटके दिसते.

‘पुन्हा बियाणे घ्यायचे’ हे तीन शब्द जैविक कुलूप आहेत. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क दिला. संकरिताच्या बाबतीत तो हक्क मेंडेलच्या नियमांनीच निकामी होतो. खासगी कंपन्यांनी बीटी जनुक संकरितांतच घालण्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पण त्यातून जे घडले ते केवळ पैशाचे नव्हते. शेतकरी सरकी राखतो तेव्हा तो नकळत निवड करतो: कोणते झाड पाऊस ओढल्यावर टिकले, कोणत्याची बोंडे आधी फुटली. अशा शेतांत वाण हळूहळू जागेनुसार घडत जातो. सरकी राखणे थांबले की ही हजारो लहान लहान निवडकेंद्रे एकाच वेळी बंद पडतात. वऱ्हाडातील विविधतेचे खरे नुकसान येथे झाले असे मी मानतो.

संकरित वाहनाचा दुसरा परिणाम बोंडाच्या आत दिसतो, आणि तो वर्गात करून दाखवता येतो. बीटी संकरिताच्या बहुतेक जोड्यांत आई किंवा बाप यांपैकी एकातच बीटी जनुक असतो. म्हणून शेतातील प्रत्येक झाडात त्याची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडातील सरकी म्हणजे पुढची पिढी. एक जनुक असेल तर मेंडेलच्या ३:१ या प्रमाणाने दर चार सरक्यांपैकी एक विषाविना असते. दोन स्वतंत्र जनुक असतील तर ९:३:३:१. एका बोंडात ३२ सरक्या धरल्या, तर १८ मध्ये दोन्ही विषे, ६ मध्ये पहिले, ६ मध्ये दुसरे आणि २ मध्ये एकही नाही. गुलाबी बोंडअळी सरकी खाऊन वाढते. तिच्यासाठी हे पूर्ण विष, अर्धे विष आणि विषाशिवाय अशा पदार्थांचे ताट आहे. प्रतिकारशक्ती हळूहळू कमावण्यासाठी याहून सोयीची शाळा कोणती? सरळ बीटी वाणात दोन्ही प्रती असतात, म्हणून बोंडातील प्रत्येक सरकी विषारी असते. शंकेखोर विद्यार्थी येथे चीनचे उदाहरण देईल. तेथे यांग्त्झे खोऱ्यात संकरिताच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरल्याने बोंडअळीची प्रतिकारशक्ती उलट कमी झाली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पण तेथे शेतात अख्खी झाडेच बीटीविना होती आणि त्यांवर साध्या अळ्यांची पैदास होत राहिली. एका बोंडातील शेजारच्या सरकीवर सरकणाऱ्या अळीची गोष्ट वेगळी आहे.

त्यातच ही संकरिते दीर्घ मुदतीची. पाणी असले की फरदड घेण्याचा मोह होतो आणि अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळते. मार्च २०१० मध्ये मॉन्सँटोनेच गुजरातमधील चार जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे मान्य केले. पुढे काही वर्षांत दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली आणि २०१७च्या हंगामात विदर्भाने तिचा पुरा हिसका अनुभवला. एवढ्या मोठ्या प्रदेशावर एकच संरक्षण असले की ते एकाच वेळी कोसळते.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की १९९०च्या दशकात देशातील जवळपास निम्मी कीटकनाशके एकट्या कपाशीवर पडत होती आणि हिरवी बोंडअळी ती पचवीत होती. बीटीने त्या अळीपासून सुटका दिली, म्हणून शेतकऱ्याने ते उचलले. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली, तीही निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून. निवडीच्या स्वातंत्र्याची त्यांची मागणी मला रास्त वाटते. माझा आक्षेप एवढाच की चोरट्या पाकिटातून, पावतीशिवाय जे येते त्यात गुणधर्माची निवड आहे, बियाण्याची नाही. आत कोणता वाण आहे हे विकणाराही सांगू शकत नाही.

वाहनाचा हा प्रश्न पिकांपुरताच नाही. त्याच पूर्णाकाठी पूर्णाथडी म्हैस आहे. रंग काळा नव्हे, भुरा; चण मध्यम; दूध कमी पण स्निग्ध; आणि खारपाणपट्ट्याच्या चाऱ्या-पाण्यावर व उन्हावर निभावणारी. जानेवारी २०२३ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नोंद होण्याआधीची कैक वर्षे ती कागदोपत्री ‘गावठी’ होती, आणि गावठी म्हशीवर उपाय म्हणजे हरियाणाच्या मुऱ्हा रेड्याचे रेतन. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नत्रात ठेवलेल्या काडीत कोणत्या जातीचे वीर्य आहे, यावर खेड्यातील पुढची पिढी ठरते.

कृत्रिम रेतनाने एक रेडा हजारो म्हशींना पुरतो, हे त्याचे बळ आणि हीच त्याची मेख. लोकसंख्या-जनुकशास्त्रात ‘परिणामी संख्या’ नावाची एक कल्पना आहे. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करायची आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. समजा १०,००० म्हशी आणि १० रेडे आहेत. उत्तर येते जेमतेम ४०. म्हणजे डोळ्यांना दहा हजारांचा कळप दिसतो, पण जनुकांच्या दृष्टीने तो वीस नर व वीस माद्यांच्या कळपाइतकाच आहे. रेडे १०० केले तर हाच आकडा ४०० च्या जवळ जातो. अमेरिकेतील होल्स्टीन गाईंचे काय झाले पाहा: कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व वळूंची पितृवंशरेषा एकोणिसाव्या शतकातील केवळ दोन वळूंपाशी पोचते, असे २०१५ मध्ये दिसून आले. दुधाचे आकडे तेथे विक्रमी आहेत. वंध्यत्वाच्या तक्रारीही जुन्या आहेत. गंमत अशी की पूर्णाथडीला वाचवायची तर हीच काडी उपयोगी पडेल. पुष्कळ निरनिराळ्या पूर्णाथडी रेड्यांचे वीर्य साठवून पशुपालकाने मागितले तेव्हा मिळाले, तर तंत्र तेच आणि परिणाम उलटा.

विविधता पेढीत सुरक्षित आहे, मग शेतात नसली म्हणून काय बिघडले, असेही विचारले जाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पेढीत कपाशीचे दहा हजारांहून अधिक नमुने आहेत, त्यांत देशी आर्बोरियमचे सुमारे दोन हजार. पेढी हवीच. पण शीतकक्षातील सरकीला गेल्या वीस वर्षांतील नवा तुडतुडा, नवी पांढरी माशी, लांबलेला पाऊस यांपैकी काहीच भेटलेले नसते. ती ठेवली त्या दिवशी जशी होती तशीच आहे.

सरळ वाणात बीटी घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. २००८ मध्ये बिकानेरी नरमा या सरळ वाणातील सार्वजनिक बीटीला मान्यता मिळाली. त्यात मॉन-५३१चे अंश सापडल्याने ते लवकरच मागे घ्यावे लागले आणि सार्वजनिक संशोधनाची बरीच नामुष्की झाली. त्यानंतर नागपूरच्या संस्थेने काही सरळ वाणांची बीटी रूपे सिद्ध केली. त्यांत अकोल्याचेच दोन वाण आहेत, रजत आणि पीकेव्ही-०८१. दुसरा बुटका, आटोपशीर आणि लवकर येणारा आहे. दाट पेरायचा आणि बोंडअळी वाढण्याआधी वेचून मोकळे व्हायचे, असा. त्याची सरकी घरी राखता येते. नेमके म्हणूनच खासगी दुकानदाराला त्यात दरवर्षीचे गिऱ्हाईक दिसत नाही. त्याच्या बियाण्याचे प्रमाणीकरण आणि गुणन कोणी करायचे हा प्रश्न उरतो, आणि १९७६ पासून ज्या सार्वजनिक संस्थेचे हे काम आहे त्या महाबीजचे मुख्यालय अकोल्यातच आहे. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याने जूनमध्ये दुकानात जाऊन सरळ बीटी वाण किंवा एकेए-७ मागितला, तर तो त्याला मिळतो का, हे विद्यार्थ्यांना चार-पाच दुकानांत विचारून वहीत टिपून आणता येईल.